सागाचे ऋण

आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशाळेतील जुनी टेबले काही वर्षांपूर्वी मोडीत निघाली. त्यांच्या जागी काळ्या दगडाचे ओटे यावयाचे होते. जुन्या सामानाची वासलात लावण्याकरिता जी निर्लेखन समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद, ज्याचा त्या सामानाशी सुतराम संबंध नाही अशा तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाकडे, म्हणजे प्रस्तुत लेखकाकडे, आले. समित्यांची रीत अशीच असते. टेबले अस्सल सागवानी होती. साठ-सत्तर वर्षे त्यांच्यावर आम्ले सांडली, स्पिरिटचे दिवे उलटले, विद्यार्थ्यांनी कर्कटकाच्या टोकाने आपली नावे कोरली. वरचे अंग कोळशासारखे काळे पडले होते. लाकडाच्या व्यापाऱ्याने पारख करण्यासाठी एका कडेस रंधा मारला, तेव्हा त्या काळोखीखालून सोनेरी, तेलकट तकाकीचे लाकूड प्रकट झाले आणि कमावलेल्या चामड्यासारखा त्याचा वास खोलीभर पसरला. टेबले उलटी केली तेव्हा सांध्यांजवळ पटाशीने पाडलेल्या बारीक खुणा दिसल्या. एका सांध्यास एक चीर, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास तीन. जोड चुकू नयेत म्हणून कोणा सुताराने त्या घातल्या होत्या. कपाटाच्या तळाशी एक जुना सागवानी कॅमेराही निघाला. त्याचे कोपरे पितळेच्या पट्ट्यांनी बांधलेले, आणि भाता मात्र कसरीने खाऊन चाळणी झालेला.

रसायनशाळेत एक जुने सेवक होते. सारे महाविद्यालय त्यांना मामा म्हणे. ते मुरबाड तालुक्यातले, माळशेजच्या पायथ्याच्या बाजूचे. त्यांचे वडील तरुणपणी शहापूर-मुरबाडच्या जंगलांत कुपावर लाकूडतोडीस जात. मामा मजजवळ येऊन हळूच म्हणाले, “सर, यातली एक फळी मला विकत मिळेल का? गावच्या घराला दार करायचंय.”

मी त्यांना नियम सांगितला. सामान एकगठ्ठा लिलावात जाते. संस्थेच्या नोकरास त्यातला तुकडा वेगळा काढून देता येत नाही. नियम खरा होता. मामा “बरं, सर” म्हणाले आणि व्यापाऱ्याच्या हमालाबरोबर त्याच टेबलाचे दुसरे टोक उचलू लागले.

प्रसंग एवढाच. परंतु तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. त्या टेबलावर मामांचा काही हक्क होता काय? कायद्याने नव्हता, हे उघड आहे. ते लाकूड कोणत्या रानातले हे सांगणारा कागदही आमच्या दप्तरात नव्हता. पण प्रश्न जरा व्यापक करून असा विचारता येईल: ज्यांना आपण कधी पाहिले नाही, ज्यांची नावे कोठे नोंदलेली नाहीत, अशा माणसांचे आपण काही देणे लागतो काय? आणि लागत असलो, तर ते फेडावयाचे कोणाकडे?

प्रथम सागाचीच थोडी ओळख करून घेऊ. साग टिकतो म्हणून त्याची कीर्ती. पण त्यातले टिकते ते काय, हे पाहण्याजोगे आहे. सालीलगतचे फिकट लाकूड जिवंत असते, त्यातून झाडाचा रस वाहतो. आणि तेच वाळवी व बुरशी यांना आधी बळी पडते. टिकतो तो आतला गाभा. झाड उभे असतानाच गाभ्यातील पेशी मरून गेलेल्या असतात आणि मरताना त्यांनी तेलकट, कडवट द्रव्ये मागे ठेवलेली असतात. ह्या द्रव्यांमुळे कीड लागत नाही, आणि पाण्याने व उन्हाने लाकूड फारसे फुगत वा आकसत नाही. झाडाने आपल्या गतायुष्याची जी पुंजी साठविली, तीवर पुढे आपण दोन-दोनशे वर्षे जगतो.

ह्या गुणांचा लौकिक फार जुना आहे. तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनीके नावाचे रोमनकालीन बंदर होते; तेथील उत्खननात सागाचे पुष्कळ लाकूड सापडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. त्या कल्याणास जुन्नरहून उतरणारी वाट नाणेघाटाची. सातवाहनांचा लेख, वरचे दगडी रांजण आणि खाली मुरबाडचे रान, हे सारे एकाच वाटेवर आहे. पुढे १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी तेथल्याच खाडीत गलबते बांधावयास आरंभ केला.

मुंबईच्या गोदीत सागाच्या कीर्तीने कळस गाठला. १७३६ च्या सुमारास सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी व त्यांच्या वंशजांनी तेथे पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. लाकूड मुख्यत्वे मलबारचे व गुजरातेकडचे. १८१७ साली जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका आज इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे. ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागात ते सुरक्षित राहतात. म्हणून लोखंडाचे युग आले तरी सागाची सद्दी संपली नाही. १८६० सालच्या ‘वॉरियर’ ह्या पोलादी युगाच्या अग्रदूत नौकेवर साडेचार इंच लोखंडी चिलखत होते, आणि त्या चिलखताच्या पाठीशी अठरा इंच साग होता. लोखंडाचे नाव झाले. तोफगोळ्याचा धक्का सागाने सोसला.

शास्त्र व छायालेखन यांतही हाच प्रकार. विलायतेत कॅमेरे बहुधा महोगनीचे होत. पण उष्ण व दमट हवेत त्यांचे सरसाचे सांधे सुटत आणि चामड्यास कसर लागे. म्हणून सँडरसनसारख्या कॅमेऱ्यांचे ‘ट्रॉपिकल’ नमुने सागाचे, पितळी पट्ट्यांनी जखडलेले, असे निघाले. प्रयोगशाळेतील टेबलास साग निवडतात तोही तो आम्ल व पाणी सोसतो म्हणूनच. नौकेने दिशा चुकू नये, काचेवर उमटणारे चित्र हलू नये, तराजूखालचे टेबल वाकू नये, ह्या सर्व अपेक्षांच्या मुळाशी एकच विश्वास आहे, की खालचे लाकूड दगा देणार नाही. सत्य मोजणाऱ्या साधनांचा पाया ज्या लाकडावर, ते लाकूड तोडणाऱ्याची मोजदाद मात्र कोणत्याच वहीत नाही.

येथे एक आख्यायिका आठवते. वर उल्लेखिलेल्या जमशेटजींनी १८०० साली ‘कॉर्नवॉलिस’ नावाची नौका बांधली. गोऱ्या साहेबांच्या तोंडून काळ्या कारागिरांविषयी जे अपशब्द निघत ते त्यांच्या कानी पडलेले होते. म्हणून नौकेच्या पोटात, कोणाच्या नजरेस न पडेल अशा तुळईवर, त्यांनी त्याच अपशब्दांत कोरून ठेविले की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे. आणि पुढे बऱ्याच वर्षांनी नौका दुरुस्तीस आली असता ती अक्षरे दाखवून दिली. जमशेटजींची ती अक्षरे आणि आमच्या टेबलाखालच्या पटाशीच्या चिरा एकाच जातीच्या म्हणावयास हरकत नाही. बांधणारास आपली खूण ठेवता येते, मग ती तळाशी का असेना. पण तोडणाराने खूण कोठे ठेवावी? त्याच्या कुऱ्हाडीचा घाव बुंध्यावर उमटतो, आणि करवत चालू लागली की पहिल्यांदा तोच भाग कापून टाकला जातो.

तोडणारे कोण, हे ठाणे जिल्ह्यात तरी गुपित नाही. शहापूर व मुरबाड ह्या तालुक्यांत माहुलीच्या पायथ्यापासून सिद्धगडाच्या कड्यापर्यंत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व कुणबी यांची वस्ती आहे. त्यांची शेती रानावर अवलंबून असे. ऐनाच्या व इतर झाडांच्या फांद्या खांडून, त्यांवर पाला-गवत पसरून राब भाजावयाचा, आणि त्या राखेत भाताचे रोप टाकावयाचे, ही त्यांची पद्धत. १८४७ साली डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. कल्याणच्या पुढे घाटाकडे लोहमार्ग चढू लागला, त्यास लाकूड हवे झाले. १८७८ साली वनांचा कायदा आला आणि रानाच्या सीमा आखल्या गेल्या. राबाच्या मनाईने एवढा असंतोष माजला की ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी सरकारास खास आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली झाला. कायद्यास कारण नव्हते असे मी म्हणत नाही. बेसुमार तोडीने डोंगर उघडे पडत होते, आणि गिब्सन यांच्यासारख्या माणसांना त्याची खरीखुरी काळजी होती. परंतु परिणाम असा झाला की ज्याने कालपर्यंत आपल्या गरजेपुरती फांदी तोडली तो आज गुन्हेगार ठरला, आणि तेच झाड ठेकेदारासाठी बुंध्यापासून तोडले तर मजूर ठरला. कुऱ्हाड तीच, हात तोच.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा. तोडणारास मजुरी मिळाली, व्यापाऱ्यास किंमत मिळाली, सुतारास दाम मिळाले. हिशेब पुरा झाला, ऋण कसले? ह्यास माझे उत्तर असे की किंमत दिल्याने खरेदी पुरी होते, ऋण पुरे होतेच असे नाही. मी माझ्या गुरुजींच्या शाळेची फी भरली होती. म्हणून त्यांचे मी काही लागत नाही असे म्हणण्याचे धाडस मला होणार नाही. शिवाय किमतीने हिशेब मिटतो तो, दोन्ही पक्षांना ‘नाही’ म्हणावयाची मोकळीक असेल तेव्हा. ज्याचे रान कुंपणात गेले त्याला कुपावर न जाण्याची मोकळीक कितपत होती, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आंब्याचे झाड कोणी तरी लावतो, त्यास पाणी घालतो. रानातला साग कोणी लावला? जे कोणाचेच नव्हते ते घेतल्याने कोणाचे ऋण होते? ह्या बाबतीत आपल्या भाषेतील एक थोर ग्रंथ साक्षीस बोलावता येतो. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाविषयी प्रसिद्ध नियम आहे. रानातील साग वगैरे परवानगी घेऊन तोडावे, कमी पडेल ते परमुलुखातून विकत आणावे. पण रयतेच्या आंबा-फणसांस हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती पोटच्या पोरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण झालेले असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे. बळजोरी सर्वथा नको. राज्याच्या संरक्षणापुढेही झाड वाढविणाराचे दुःख मोजणारी ही दृष्टी पाहिली म्हणजे मन आदराने भरून येते.

तथापि आदर ठेवूनच असे म्हणावे लागते की ह्या नियमात रेघ जेथे ओढली आहे, तेथेच आपला प्रश्न सुरू होतो. आंब्यास धनी आहे, सागास नाही. पण सागास खरोखरच कोणी नव्हते काय? तोडलेल्या सागाच्या खोडास पुन्हा धुमारे फुटतात, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. ते धुमारे कोणते ठेवावे, गुरे कोठून हाकावी, वणवा लागला तर कोणत्या बाजूने विझवावा, हे रानात राहणाराच जाणतो. त्याने झाड लावले नसेल. पण त्याने ते राहू दिले. लावणे हे जसे कर्म, तसे राहू देणे हेही कर्मच आहे. मात्र लावणाराचे नाव सात-बारावर चढते, राहू देणाराचे चढत नाही. म्हणून ज्याला आपण निर्धनी म्हणतो, त्याचा धनी बहुधा आपल्याला दिसलेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ असतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. अशा रीतीने पाहू गेले तर प्रत्येक वस्तूमागे अनाम माणसांची अखंड रांग आहे. मुंबईत नळ सोडला की शहापूर तालुक्यातल्या तानसेचे पाणी येते. १८९२ सालापासून ते येत आहे, आणि त्याच तालुक्यातील कितीएक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. कपडा, मीठ, वीट, कोणतीही वस्तू घ्या. सर्वांचेच ऋण असेल तर ते कोणाचेच नाही असे होणार नाही काय? जे ऋण फेडणे अशक्य, त्याची जाणीव ठेवणे म्हणजे निव्वळ हळवेपणाची चैन तर नव्हे?

ह्या आक्षेपाशी मी बराच काळ झगडलो आहे. शतपथ ब्राह्मणात सांगितले आहे की माणूस जन्मतः चार ऋणे घेऊन येतो: देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि मनुष्यांचे. पहिली तीन आपण घोकतो. चौथे बहुधा विसरतो. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की ह्या चौथ्या ऋणाची फेड ज्याचे घेतले त्यालाच परत करावयाची, असे तेथे म्हटलेले नाही. माणसांना आसरा द्यावा व अन्न द्यावे, म्हणजे ते फिटते. दारी जो येईल तो धनको. मला वाटते, तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर येथे आहे. ऋण अनंतांचे असते हे खरे; पण ते मागावयास एका वेळी एखादाच येतो. अनंतांचे फेडता येत नाही, ह्या सबबीवर आलेल्या एकास परत लावणे, ही हिशेबातली लबाडी होय. साग लावणारास हे न सांगता कळत असावे. १८४० नंतरच्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली यांच्या प्रेरणेने आणि चातू मेनन यांच्या श्रमाने निलांबूर येथे सागाची लागवड झाली. साग तोडणीस यावयास साठ-ऐंशी वर्षे लागतात; लावणाऱ्या हातांना त्या झाडाची फळी पाहावयास मिळणे शक्यच नव्हते. साग कोणी लावो अथवा राहू देवो, तो अनोळखी माणसासाठीच वाढतो. तो अनोळखी माणूस कोण, हे दैवाने ठरवावयाचे असते. आमच्या रसायनशाळेत तो मी होतो.

आता माझ्या नियमाविषयी. तो नियम चांगला आहे. लिलाव उघडा असावा, संस्थेच्या मालाची आतल्या आत वाटणी होऊ नये, हे योग्यच. मामांना फळी मी तशीच उचलून दिली असती तर उद्या दुसऱ्याने टेबल नेले असते. परंतु त्या व्यापाऱ्यास भेटून, “ह्यातली एक फळी मला वाजवी दराने द्या” असे म्हणावयास मला कोणत्याही नियमाने मनाई केली नव्हती. कॅमेऱ्याच्या बाबतीत आम्ही तेवढे डोके चालविले होते. जुन्या वस्तूंच्या शौकिनास बोलावून त्याची वेगळी किंमत करविली होती. शौकीन भेटला तेव्हा आम्हांस वस्तूचा इतिहास आठवला. मामा भेटले तेव्हा नियम आठवला. नियमाने माझे हात बांधले होते खरे, पण पाय व जीभ मोकळी होती. मी नियमाचा उपयोग विचार टाळण्यासाठी केला, आणि अशा प्रसंगी नियम पाळल्याचे जे समाधान वाटते ते फार फसवे असते.

मामा निवृत्त झाल्यावर एका श्रावणात मी त्यांच्या गावी गेलो. कल्याणहून मुरबाड, तेथून टोकावड्याच्या बाजूस एस. टी., आणि पुढे चालत. दोन्ही अंगांस सागाची तरणी झाडे होती, जुन्या खोडांतून फुटलेली. परातीएवढी पाने पावसात वाजत होती आणि शेंड्यांवर बारीक पांढरा फुलोरा आला होता. कोवळे पान चुरगाळले तर हात लाल होतात, हे मला त्या दिवशी प्रथम समजले. मामांचे घर कारवीच्या कुडाचे, शेणामातीने सारवलेले. दारास पत्रा होता. लाकडी चौकटीवर ठोकलेला, वाऱ्याने खडखडणारा. बांधावर त्यांचे स्वतःचे दोन साग उभे होते. ह्यातला एक तोडून दार का केले नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, “परवानगी लागते, सर. आणि तोडला तर नातवाला काय राहील?”

पाऊस वाढला. मामांच्या पत्नीने चुलीजवळची कोरडी जागा मला दिली, नाचणीची भाकरी आणि टाकळ्याची भाजी वाढली. एस. टी. चुकली, म्हणून रात्री तेथेच राहिलो. पत्र्याचे दार रात्रभर वाजत होते. शतपथातले मनुष्यऋण मी पंचवीस वर्षे वर्गात समजावून सांगत आलो आहे. त्याची फेड आसरा व अन्न देऊन होते, हे वाक्य मी कितीदा तरी फळ्यावर लिहिले असेल. मामांनी माझ्याकडे एकदाच काही मागितले होते. ते आपल्या घराचे दार होते.